बंद न पडणाऱ्या लिफ्ट

पगार जमा झाला की माणसाने गप्प बसावं, निदान दुसऱ्याच्या घरी जेवायला बसल्यावर तरी, एवढं साधं भान भिंगरीला कुणी दिलं नव्हतं. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच त्याचा मोबाइल वाजला आणि त्याने तो उत्साहाने थेट मास्तरांच्या ताटाशी सरकवला.

"भाऊजी, माझा आला. तुमचा आला का?"

बघायचं नाही, असं मास्तरांनी ठरवलं आणि बघितलं. आकडा त्यांच्या पगाराच्या दीडपट तरी होता. त्यांनी घास चावायला जरा जास्तच वेळ लावला.

"एवढेच आले या महिन्यात," भिंगरी म्हणाला. "तुमच्याएवढं व्हायला अजून किती वर्षं घासायची कुणास ठाऊक!"

त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं, निदान रागावता येतं. पण पोराला मनापासून वाटत होतं की ज्याने आपल्याला काम शिकवलं त्याला आपल्यापेक्षा जास्तच मिळत असणार. मास्तर "मिळतात, ठीक आहे" असं काहीतरी पुटपुटले. खरा आकडा त्या खोलीत आणखी एकाच व्यक्तीला ठाऊक होता. ती भिंगरीची थोरली बहीण आणि मास्तरांची बायको, आणि ती त्या वेळी पाणी ओतत होती. पाणी भांड्याबाहेर सांडलं.

भिंगरी हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हतं. लहानपणापासून एका जागी ठरायचं माहीत नाही म्हणून घरात ते पडलं आणि मिशा आल्या तरी गळून गेलं नाही. शिक्षण अर्धवट, नोकऱ्या चार धरल्या आणि चार सोडल्या. शेवटी बहिणीने गळ घातली म्हणून मास्तरांनी साहेबांपाशी शब्द टाकला आणि त्याला आपल्या कंपनीत चिकटवून घेतलं. कंपनी शहरातल्या इमारतींच्या लिफ्ट सांभाळायची. तेलपाणी, साफसफाई, बिघडलं तर दुरुस्ती. मास्तरांचा तिथे निम्मा जन्म गेला होता. नव्या पोरांना काम शिकवायचं म्हणजे त्यांनीच, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. शिकवायचे वेगळे पैसे मिळत नसत. नुसतं मास्तर म्हणत.

जेवण झालं, भिंगरी गेला. बायको भांडी आवरायला वाकली आणि कमरेवर हात धरून तशीच थांबली. ती एका पाळणाघरात कामाला होती. दिवसभर पोरं उचलायची, ठेवायची, पुन्हा उचलायची. पोरं रोज वजनाने वाढत होती आणि हिची कंबर रोज उतरत होती. डॉक्टरने तर स्पष्टच सांगितलं होतं की उचलणं बंद करा, नाहीतर पुढे तुम्हालाच कुणीतरी उचलावं लागेल. काम सोडायचं तिच्या मनात होतं. पण दोन पगार होते म्हणून घर चालत होतं आणि एका पगारात ते कोलमडलं असतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"अहो, एक विचारू? रागावू नका," ती म्हणाली. "तो तुमच्याच कंपनीत, तुमच्याच हाताखाली शिकलेला. मग त्याला एवढे मिळतात तरी कसे?"

"मला काय माहीत?"

"नाही, मी आपलं विचारलं. तेवढे आपल्याला मिळाले असते तर मी उद्याच घरी बसले असते."

ती चिडून बोलली असती तर मास्तरही चिडले असते आणि गोष्ट तिथेच मिटली असती. पण ती दमून बोलली होती. दमलेल्या माणसाशी भांडता येत नाही, विशेषतः आपणही तेवढेच दमलेले असताना.

आता, दुसऱ्याला एवढे पैसे कुठून येतात हा प्रश्न मास्तरांना नवा नव्हता. त्या प्रश्नावर तर कंपनीतल्या लोकांचा दुपारचा चहा चालायचा. समोरच्या इमारतीतला तो माणूस दिवसभर घरात हाफपँटवर बसलेला असतो आणि दारात दोन गाड्या, तो करतो काय? शेजारच्या बाईंचा मुलगा म्हणे कुणाला तरी सल्ला देतो, कसला सल्ला? असल्या चर्चेत मजा असायची, कारण ते लोक लांबचे होते. त्यांचं काम कुणालाच कळत नव्हतं, तेव्हा त्यांच्या पगाराचंही काही कळायची गरज नव्हती. पण भिंगरीचं काम मास्तरांना कळत होतं. त्याला पाना कसा धरायचा तेसुद्धा त्यांनीच दाखवलं होतं. म्हणून त्यांच्या जिवाला घोर लागला.

आठवडाभर त्यांनी नाही नाही ते तर्क केले. साहेबांची मर्जी असेल. जुने सुटे भाग बाहेर विकत असेल. हा तर्क मनात आल्याची त्यांना लगेच लाज वाटली, पण तर्क गेला नाही. शेवटी मन घट्ट करून ते हिशेबाच्या बाईंकडे गेले. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या,

"त्यात गुपित कसलं, मास्तर? पगार तुमचा त्याच्यापेक्षा जास्तच आहे. त्याला कॉलचा भत्ता मिळतो. लिफ्ट बंद पडली, फोन आला, माणूस गेला, की एक कॉल. त्याचे महिन्याला ढीगभर असतात. तुमचे कॉलच नसतात."

"माझ्या लिफ्ट बंद पडत नाहीत," मास्तर म्हणाले.

"मग मी तरी काय लावू?" बाई म्हणाल्या. त्यांचंही काही चुकत नव्हतं.

तरी मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. त्यांना वाटलं, भिंगरीच्या भागात इमारती जुन्या असतील, लिफ्ट खटारा असतील, पोराला धावाधाव पडत असेल. म्हणून पुढच्याच महिन्यात भिंगरी दोन दिवस रजेवर गेला तेव्हा त्याचा भाग त्यांनी आपणहून मागून घेतला.

इमारती चांगल्या नव्या होत्या. पहिल्याच ठिकाणी वॉचमनने त्यांना दारात अडवलं.

"कोण तुम्ही? आमचे नेहमीचे साहेब कुठे आहेत?"

"रजेवर आहेत."

"फार चांगला माणूस हो. फोन केला की हजर! गेल्या आठवड्यात दोनदा येऊन गेले बिचारे. तुम्ही नवीन का?"

मास्तर हो म्हणाले. नाही म्हणून सांगण्यात काही अर्थ नव्हता. त्यांच्या मनात आलं, आपल्या भागातल्या इमारतींतले वॉचमनही आपल्याला हेच विचारतात. महिन्यातून एकदा दिसणारा माणूस कोण लक्षात ठेवतो?

मग त्यांनी लिफ्टचं दार उघडून खाली बसून पाहिलं. लिफ्टच्या दाराखाली एक खाच असते, त्या खाचेत दार सरकतं. लोकांच्या चपलांची माती, पोरांनी टाकलेले गोळ्यांचे कागद, केसांच्या पिना, तुटलेली बटणं, सगळं त्या खाचेत जाऊन बसतं. खाच भरली की दार बोटभर उघडं राहतं, आणि दार पुरतं मिटलं नाही की लिफ्ट जागची हलत नाही, तेवढी ती शहाणी असते. यावर उपाय दोन. एक म्हणजे वरवर ब्रश फिरवायचा. लिफ्ट लगेच चालू होते, लोक खूश होतात आणि आपण पुढच्या कॉलला पळायला मोकळे. दुसरा म्हणजे दार उचलून बाहेर काढायचं, खाच स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडायची, घासायची, पुसायची, दार पुन्हा बसवायचं. याला कंबरडं मोडेपर्यंत वेळ लागतो आणि वर लिफ्ट इतका वेळ बंद का, म्हणून लोकांची बोलणी खावी लागतात. मास्तर नेहमी दुसरा उपाय करायचे. भिंगरीलाही त्यांनी तोच शिकवला होता.

खाचेत माती घट्ट बसलेली होती. वरून तेवढी ब्रशची एक रेघ फिरली होती.

दुसऱ्या इमारतीत तेच. तिसऱ्या इमारतीत तेच. भिंगरी फसवत नव्हता, हे मास्तरांना चटकन कळलं. फसवणाऱ्याला मागे कुणी येऊन बघेल याची धास्ती असते, तो काहीतरी झाकतो. इथे काहीच झाकलेलं नव्हतं. पोरगं नुसतं धावत होतं. एका फोनवर जायचं, चालू करायचं, तोवर दुसरा फोन. लोक शाबासकी देत होते, कंपनी भत्ता देत होती. थांबून खाली बघायची वेळच त्याच्यावर आली नव्हती. मास्तर लिफ्टच्या दारात फतकल मारून बसले आणि त्यांना स्वतःचंच हसू आलं. इतकी वर्षं आपण गुडघे झिजवून, घाम गाळून आपलाच पगार कमी करत होतो. हसू आलं तसं गेलंही.

ते साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर, तुमचं काम एक नंबर. पण लोकांना कसं असतं, आपला माणूस आलेला दिसला की वाटतं पैसे वसूल झाले. तुमच्या इमारतीवाले मला विचारतात, तुमचा माणूस येतो तरी का? आता न आलेल्या कॉलचा भत्ता मी वर कुठल्या तोंडाने मागू?"

मास्तरांनी चहा संपवला आणि ते उठले. वाद घालायला अंगात जोर लागतो.

त्याच संध्याकाळी बायको पाळणाघरातून आली ती भिंतीला धरून. चपला काढायलाही तिला वाकवेना. मास्तरांनी खाली बसून तिच्या चपलांचे पट्टे सोडले आणि वर न बघताच म्हणाले,

"सोड ते काम. या महिन्याअखेर सांगून टाक. माझं वाढतंय थोडं."

"खरंच? साहेब बोलले?"

"हं."

तिने जास्त खोदून विचारलं नाही. विश्वास ठेवायला तिला कारण नको होतं, निमित्त हवं होतं. दुसऱ्या दिवशी तिने पाळणाघरवाल्या बाईंना सांगूनही टाकलं, आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी तिला लवकर झोप लागली.

आता मास्तरांना मागे फिरायला वाट नव्हती. त्यांनी बँकेच्या मागची इमारत निवडली. तिथली लिफ्ट वर्दळीची, खाच लवकर भरायची. त्यांनी दार काढलंच नाही. ब्रश घेतला, वरून एकदा फिरवला, उठले. पायऱ्यांपर्यंत गेले आणि परत आले. हात अक्षरशः शिवशिवत होते. वाहता नळ बंद न करता निघून जायला सांगावं तसं त्यांना झालं होतं. नुसती टोकाची माती तरी काढू, म्हणून पुन्हा खाली बसले. मग बायकोचे ते चपलांचे पट्टे आठवले. निमूटपणे उठले, साफसफाईची नोंद ठेवायच्या, दाराशी टांगलेल्या कार्डावर सही केली आणि बाहेर पडले. चोरी करून निघाल्यासारखे ते मागे न बघता भराभर चालत राहिले. खरं तर सोबत नेलं काहीच नव्हतं, उलट ठेवूनच आले होते.

पुढचे दिवस ते फोनची वाट बघत राहिले. लिफ्टच ती, आपल्या सवडीने बंद पडणार. ती पडली बरोबर त्या दिवशी, ज्या दिवशी मास्तर नव्या पोरांना शिकवायला बसले होते. शिकवणीच्या दिवशी त्यांच्या भागातले फोन दुसऱ्याकडे जायचे. शिकवणी सुटल्यावर त्यांना समजलं की कॉल येऊन गेला आणि भिंगरी जाऊन आला. मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. इमान विकायला काढलं होतं, तर त्याचे पैसेही मेव्हण्याच्या खिशात जाणार.

रविवारी दुपारी भिंगरी घरी आला. नेहमी हात हलवत येणारा माणूस, आज हातात फळांची पिशवी होती. आजाऱ्याला भेटायला नेतात तशी ती त्याने हळूच टेबलावर ठेवली. आणि बसला. भिंगरी बसला, हेच विशेष होतं.

"भाऊजी, तब्येत कशी आहे तुमची?"

"मला काय झालंय?"

भिंगरीने आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. पण त्याचा खालचा आवाज म्हणजे चार घरांना ऐकू जाईल असा.

"बँकेच्या मागची लिफ्ट बंद पडली ना, तर खाचेत ही माती! मी कार्डावरची सही दोनदा बघितली. तुमचीच. म्हटलं, हे शक्यच नाही. दुसऱ्या कुणाच्या हातून होईल, माझ्या हातून होईल, पण भाऊजींच्या? नीट दिसत नाही का तुम्हाला? की वाकलं की चक्कर येते? काय ते खरं सांगा. मला दोन दिवस झोप नाही."

मास्तरांनी फळांची पिशवी उगाच बाजूला सरकवली.

"तिथली एक बाई तान्हं पोर आणि सामानाच्या पिशव्या घेऊन जिने चढून गेली म्हणे. सगळे तापले होते. पण तुम्ही काळजी करू नका. ऑफिसात मी ब्र काढला नाही. भत्त्यासाठी कॉलसुद्धा नोंदवला नाही, तुमचं नाव कशाला खराब करायचं? दार काढून, तुम्ही शिकवलं होतं तसं सगळं साफ करून आलो. हातांना फोड आले राव! तुम्ही हे रोज करता?"

मास्तरांची बायको आतून आली होती आणि दारातच उभी होती.

"चक्कर येते?" ती म्हणाली. "मला का नाही सांगितलं?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं. समोरचा माणूस आयती पळवाट हातात देत होता.

"तसं काही नाही गं," ते म्हणाले. "जरा गरगरतं कधीकधी. होईल बरं."

ती आत गेली. भिंगरी डॉक्टर, तपासण्या, कुठे कोण ओळखीचं आहे असं काय काय बोलत राहिला. मास्तर मान हलवत राहिले. तेवढ्यात आतून तिचा आवाज आला. ती मोबाइलवर बोलत होती.

"हां, ताई, मीच. ते मी सोडणार म्हटलं होतं ना, ते राहू द्या. नाही, नाही, जागा भरू नका. आमच्या यांना बरं नाहीये. आता त्यांच्यावर ओझं टाकून कसं चालेल? कमरेचं काय, पट्टा बांधेन मी."

मास्तर उठले. त्यांना भोवळ वगैरे काही आली नाही. पण दारापर्यंत जाताना भिंत धरावी लागली.

"थांब, त्यांना काही सांगू नकोस," ते म्हणाले. तिने मोबाइलवर हात धरला. "मला काहीही झालेलं नाही. ती माती मी मुद्दाम ठेवली होती."

"म्हणजे?" हा प्रश्न भिंगरीचा होता.

मास्तरांनी सांगितलं. इतके दिवस जे मनातल्या मनात गुंडाळून ठेवलं होतं ते चारपाच वाक्यांत संपलं. लिफ्ट बंद पडली की कॉल येतो. कॉल आला की भत्ता मिळतो. माझ्या बंद पडत नाहीत. म्हटलं, एखादी पडू दे. साहेब काही बोलले नव्हते, पगारही वाढणार नव्हता. तुला खोटं सांगितलं.

भिंगरी आधी हसला.

"काहीतरीच भाऊजी तुमचं! लिफ्ट काय खाच साफ केली नाही म्हणून..." असं म्हणता म्हणता तो थांबला. परवा त्याच्या हातांना फोड आले होते. ते हात त्याने उलटसुलट करून पाहिले.

"म्हणजे माझ्या पडतात," तो म्हणाला.

तुझ्याकडे वर्दळ जास्त आहे, तुझ्या लिफ्ट जुन्या आहेत, असं मास्तरांना म्हणता आलं असतं. त्याने चटकन विश्वासही ठेवला असता. पण त्या दिवसापुरतं खोटं बोलून त्यांचं भागलं होतं. आणखी एक खोटं सांभाळायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

"हो," ते म्हणाले.

भिंगरीने मान खाली घातली. चार नोकऱ्या सोडून आलेलं पोर, या पाचव्या नोकरीत पहिल्यांदा घरादाराला पगार दाखवत फिरत होतं. मास्तरांना त्याची फार दया आली, आणि स्वतःची चीड आली.

"मला वाटायचं, मला जमतंय," भिंगरी म्हणाला.

मोबाइलमधून पाळणाघरवाल्या बाईंचं हॅलो, हॅलो बारीक ऐकू येत होतं. मास्तरांच्या बायकोने हात काढला आणि मोबाइल पुन्हा कानाला लावला.

"हो ताई, आहे मी. नाही, नाही, कुणी आजारी नाही," ती म्हणाली. "उद्या येते. नेहमीच्या वेळेला."